टिंब, रेघ आणि रामनाम

देवळाली कॅम्प हे तोफखान्याचे गाव. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात येथे छावणी वसवली आणि फाळणीनंतर काकूलची स्कूल ऑफ आर्टिलरी येथे आली. तोफ डोंगराच्या अलीकडे असते, लक्ष्य पलीकडे, आणि ज्याला लक्ष्य दिसते तो निरीक्षक तिसऱ्याच टेकडीवर. म्हणून तोफखान्याच्या विद्येत दारूगोळ्याइतकेच महत्त्व निरोपाला आहे. निरीक्षकाने सांगितलेले अंतर आणि दिशा तोफेपर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे; एक आकडा इकडचा तिकडे झाला तर गोळा आपल्याच पायदळावर पडायचा. म्हणून ऐकणारा प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवतो. रेडिओवरून सरळ बोलणे सर्रास होण्याआधी फौजांचे असे निरोप अनेक दशके मोर्सच्या टिंब-रेघांत जात: कधी तारेवरून, कधी दिव्याच्या उघडझापीने, कधी झेंड्याने, कधी आरशावर सूर्य खेळवून. याच छावणीच्या परिसरात खंडोबाची टेकडी आहे, पारशांची अग्यारी आहे, चर्च आहे, जैन मंदिरे आहेत. आणि नाशिकजवळ टाकळी आहे, जेथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे रामनामाचे पुरश्चरण केले असे परंपरा सांगते. या दोन शेजारांतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला गंभीर वाटतो. एखाद्या सिग्नलवाल्याने इंग्रजी आर, ए, एम ही तीन अक्षरे मोर्सच्या कळीवर वाजवली, तर त्याने रामाचे नाव घेतले का? ओठ हलले नाहीत, ‘रा’ हा ध्वनी कोठे उमटला नाही, कागदावर अक्षरही नाही. हवेत आहे ती फक्त लहानमोठी टकटक. ती टकटक नाम आहे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर पवित्र शब्दाचे पावित्र्य नेमके कोठे राहते याचे उत्तर अवलंबून आहे.

आधी ती टकटक जवळून पाहू. मोर्समध्ये सगळे माप टिंबाचे. टिंब म्हणजे एक मात्रा, रेघ म्हणजे तीन. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा, दोन शब्दांमध्ये सात. आर म्हणजे टिंब-रेघ-टिंब, ए म्हणजे टिंब-रेघ, एम म्हणजे रेघ-रेघ. हिशेब केला तर हा शब्द 25 मात्रांचा भरतो. त्यांतल्या 15 मात्रा आवाजाच्या आणि 10 मात्रा शांततेच्या. तो पुन्हा पुन्हा वाजवला, म्हणजे जप केला, तर प्रत्येक आवर्तनामागे शब्दांतराच्या सात मात्रा वाढतात आणि 32 मात्रांपैकी 17 शांततेच्या होतात. आवाजापेक्षा मौन अधिक. हे मौन म्हणजे केवळ उरलेली जागा नाही. आर, ए आणि एम यांच्यामधली अंतरे काढून टाका आणि त्याच सात खुणा त्याच क्रमाने सलग वाजवा. पहिल्या चार खुणांनंतर थांबलात तर ऐकणाऱ्याला एल आणि ओ ही दोन अक्षरे मिळतील. खुणा त्याच, क्रम तोच, फक्त थांबा हलला आणि राम नाहीसा झाला. तेव्हा नाम टिंबांत आहे असे म्हणता येत नाही, रेघांत आहे असेही म्हणता येत नाही. ते त्यांच्यातल्या नात्यात आहे, आणि त्या नात्यात मौनाचाही वाटा आहे. दिङ्नागासारख्या बौद्ध आचार्यांनी शब्दाचा अर्थ म्हणजे इतरांची व्यावृत्ती, असे मांडले होते. मोर्समध्ये ते अगदी उघडे पडते. टिंबाला स्वतःचे काही रूप नाही. ते रेघ नाही आणि शांतता नाही, एवढीच त्याची ओळख.

आता वाहनाचा विचार करू. मोर्सची मूळ कल्पना डोळ्यांसाठी होती. यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचे आणि तारमास्तर त्या वाचायचे. थोड्याच वर्षांत तारमास्तरांच्या ध्यानात आले की यंत्राचा आवाज ऐकूनच निरोप कळतो, पट्टीकडे पाहायची गरज नाही. डोळ्यांची लिपी कानांची झाली, तरी एकही निरोप बदलला नाही. हेन्री मॅन्स या अधिकाऱ्याने 1869 च्या सुमारास कराचीत आरशाचा हेलिओग्राफ तयार केला आणि तोच मोर्स सूर्यप्रकाशातून अफगाणिस्तानच्या डोंगरांवर फिरला. वेगाचेही तेच. नवशिका मिनिटाला चार-पाच शब्द पाठवतो, मुरलेला माणूस वीस-पंचवीस. टिंबाची लांबी पाचपटीने कमी झाली तरी शब्द तोच राहतो, कारण टिंब आणि रेघ यांचे परस्परांशी असलेले प्रमाण कायम असते. येथे पतंजलीचे महाभाष्य आठवल्याशिवाय राहत नाही. वाणी जलद असो वा संथ, शब्द एकच कसा, या शंकेला उत्तर देताना पतंजली नगाऱ्याचा दाखला देतो: एका आघाताचा नाद वीस पावले जातो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस, स्फोट तेवढाच असतो, वाढ होते ती ध्वनीची. पुढे भर्तृहरीने यात एक बारीक भेद केला. ऱ्हस्व-दीर्घ हा फरक शब्दाच्या प्रकट होण्याशीच बांधलेला आहे. त्याला त्याने प्राकृत ध्वनी म्हटले. द्रुत, मध्यम, विलंबित हा फरक त्यानंतरचा. तो वैकृत ध्वनी, त्याने शब्द बदलत नाही. टिंब आणि रेघ यांतला फरक पहिल्या जातीचा आहे, पाठवण्याच्या वेगातला फरक दुसऱ्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी केलेला हा भेद तारेच्या यंत्राला इतका चपखल लागू पडतो, याचे कारण भर्तृहरीला विजेची चाहूल लागली होती असले काही नाही. शब्द आणि त्याचे वाहन वेगळे काढण्याचा प्रश्न त्याने मुळातून सोडवला होता, एवढेच.

पण शब्द कळतो तो कसा? यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. मीमांसक म्हणत की वर्ण हेच खरे; मागच्या वर्णांचे संस्कार आणि शेवटचा वर्ण मिळून अर्थ देतात, आणखी कशाची कल्पना करण्याची गरज नाही. कुमारिलभट्टाने श्लोकवार्तिकात स्फोटवादावर कडक टीका केली आणि शंकराचार्यही वर्णवादाच्याच बाजूला राहिले. वैयाकरण म्हणत की अर्थ एका अखंड शब्दाला आहे, आणि वर्ण हे त्याला प्रकट करण्याचे निमित्त. काशीत राहिलेले, काळे घराण्यातले नागेशभट्ट यांनी तर ‘स्फोटवाद’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या वादात तारमास्तरांची साक्ष काढता येते. अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी 1897 आणि 1899 मध्ये तारमास्तरांच्या शिकण्यावरचे अभ्यास प्रसिद्ध केले; हार्टर स्वतः तारेच्या कामात मुरलेला होता. त्यांना दिसले ते असे: शिकाऊ उमेदवार आधी एकेक अक्षर ऐकतो. मग त्याची प्रगती बराच काळ एका पातळीवर थबकते, आणि नंतर अचानक चढते. तो चढ येतो तेव्हा त्याने अक्षरे ऐकणे सोडलेले असते. त्याला शब्द आणि शब्दसमूह अखंड ऐकू येतात. निष्णात माणूस तर निरोपाच्या कित्येक शब्द मागे राहून लिहीत जातो, कारण त्याच्या कानाला आता टकटक ऐकूच येत नाही, भाषा ऐकू येते. कुमारिलाचा अनुयायी म्हणेल की हे संस्कारांचेच काम, फक्त वेग वाढला. त्याचे म्हणणे या प्रयोगाने खोटे ठरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कानाच्या सवयीवरून शब्दाच्या स्वरूपाचा निकाल लागत नाही. तरीही माझे मत वैयाकरणांकडे झुकते. शिवाय आपल्या प्रश्नापुरते दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत: अर्थ शेवटच्या टिंबात बसलेला नसतो. तो ऐकणाऱ्याच्या जाणिवेत पुरा होतो.

आपल्या टपाल-तार खात्याने याचा एक सुंदर पुरावा मागे ठेवला आहे. पूर्वी लग्नाला, दिवाळीला, परीक्षेच्या यशाला शुभेच्छेची तार करायची सोय असे. ठरावीक शुभेच्छांची छापील यादी असे आणि प्रत्येकीला क्रमांक. पाठवणारा यादीतली एक निवडायचा, तारेवरून फक्त क्रमांक जायचा आणि पोचलेल्या तारेत पूर्ण आशीर्वाद लिहिलेला असायचा. म्हणजे आशीर्वादाचे एकही अक्षर तारेवरून गेले नाही, तरी लग्नघरात तार वाचली गेली ती मामाचा किंवा काकांचा आशीर्वाद म्हणूनच. तो आशीर्वाद खोटा होता, असे कोणी म्हणेल का? नैयायिक याला संकेत म्हणतील: या चिन्हाने हा अर्थ घ्यायचा, असे ठरलेले आहे. संकेत माणसांनी ठरवलेला आहे म्हणून आशीर्वाद हलका होत नाही. देणाऱ्याचा हेतू खरा, घेणाऱ्याचा बोध खरा. मधला आकडा हे निमित्त. ज्या मराठी घरांत ‘तार आली’ एवढे ऐकूनच पोटात गोळा यायचा, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. तार फोडण्यापूर्वीच रडू फुटायचे. कोणाला वाटले नाही की मृत्यूची बातमी टिंब-रेघांतून आली म्हणून ती थोडी कमी खरी आहे. शोकाला जो न्याय आपण दिला, तो नामाला नाकारण्याचे कारण काय?

कारण आहे, असे मानणारा पक्ष जुना आणि बलवान आहे, आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकले पाहिजे. तो म्हणतो: बातमीचे सोडा, बातमीत अर्थच सर्वस्व असतो. मंत्रात ध्वनीच सर्वस्व आहे. त्वष्ट्याची कथा याच पक्षाची. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने आहुती दिली, पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. इंद्राला मारणारा असा अर्थ न होता इंद्र ज्याचा मारणारा आहे असा झाला आणि तो पुत्र, वृत्र, मारला गेला. अक्षर एकही चुकले नव्हते, चुकला तो फक्त आघात. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्द उलटसुलट गुंफून पिढ्यान्‌पिढ्या जे जपले ते हे: उदात्त, अनुदात्त, स्वरित यांच्यासह ध्वनी. मोर्समध्ये उदात्ताला खूण नाही. ते स्पेलिंग पोचवते, स्वर पोचवत नाही. म्हणून वेदमंत्र मोर्समध्ये जात नाही, हे मी मान्य करतो, आणि हातचे काही राखून न ठेवता मान्य करतो. अग्यारीतली अवेस्ता भाषेतली प्रार्थना, कुराणाचे पठण, यांनाही हेच लागू होईल; तेथेही उच्चार हा पूजेचा भाग आहे. यापुढे जाऊन हा पक्ष रामनामाबद्दलही बोलू शकतो. समर्थांचा मंत्र त्रयोदशाक्षरी आहे: श्रीराम जय राम जय जय राम, मोजून तेरा अक्षरे. रोमन लिपीत तो लिहिला की एस-एच-आर-आय पासून धरून 22 अक्षरे होतात. तेराची संख्याच मोडली. मग हा मंत्र तोच कसा? शिवाय रोमन लिपी ऱ्हस्व-दीर्घ नीट राखत नाही, ‘ळ’ला तिच्यात घर नाही, आणि मोर्सची घडण इंग्रजीच्या मापाने झालेली आहे: इंग्रजीत ई सर्वांत जास्त येते म्हणून तिला एकच टिंब, टी-ला एकच रेघ. पहिल्या सार्वजनिक प्रात्यक्षिकात, 24 मे 1844 रोजी, सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला जे पाठवले तेही बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकातले वचन होते. हे वाहन परक्याचे आहे आणि त्याच्या चाकांना परक्या वाटेची सवय आहे, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही.

यातला शेवटचा भाग आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. वाहनाने भेद राखले पाहिजेत, एवढीच अट. रोमन मोर्सला काही मराठी भेद राखता येत नाहीत, हा त्या संकेताचा दोष आहे, संकेत या कल्पनेचा नाही. देवनागरीसाठीही टिंब-रेघांचा तक्ता तयार झाला आणि स्वतंत्र भारतात देवनागरीतून तारा गेल्या. तेरा आणि बावीसचे उत्तर थोडे वेगळे. पलीकडे ऐकणारा माणूस बावीस अक्षरे उतरवून घेतो खरा, पण त्याच्या मनात उमटतो तो तेरा अक्षरांचाच मंत्र, जर त्याला तो माहीत असेल तर. संख्या मोडली ती वाटेत. पोचल्यावर ती पुन्हा जुळली.

खरा मुद्दा ध्वनीचा आहे, आणि त्यावर परंपरेने स्वतःच निर्णय दिलेला आहे. जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोठ्याने केलेला तो वाचिक, शेजाऱ्यालाही ऐकू येणार नाही असा पुटपुटलेला तो उपांशु, आणि ओठही न हलवता केलेला तो मानस. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यांचा क्रम आहे: विधियज्ञाहून जप दहापट श्रेष्ठ, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. नीट पाहा, ध्वनी जसजसा कमी होत गेला तसतसे फळ वाढत गेले, आणि ध्वनी शून्यावर आला तेथे फळ सर्वाधिक झाले. ध्वनी हेच नामाचे सत्त्व असते तर हा क्रम नेमका उलटा लागला असता. ज्या मनूला कोणी सैल म्हणणार नाही, त्याने जपाला ध्वनीच्या पलीकडे ठेवले. टाकळीत नंदिनीच्या काठी समर्थांनी तेरा कोटी जप केला अशी श्रद्धा आहे. त्या तेरा कोटींत किती वाचिक आणि किती मानस होते, हे विचारण्याची कोणाही रामदास्याला गरज वाटली नाही. आणि लिखित जपही आपण मानतोच. वह्याच्या वह्या रामनामाने भरणाऱ्या आजीचा हात चालतो, जीभ नाही. लेखणी चालते तर कळ का चालणार नाही? ज्ञानेश्वरांनी नेवाशात, शके 1212 मध्ये, गीता मराठीत सांगितली तेव्हा तर नुसते वाहन बदलले नाही, भाषाच बदलली. ध्वनी, छंद, व्याकरण सगळे बदलले. मराठी माणसाच्या धर्मजीवनाचा पाया त्या बदलावर उभा आहे. मोर्स भाषेला हातही लावत नाही. एवढा मोठा बदल ज्याने डोक्यावर घेतला त्याला हा छोटा बदल खटकण्याचे कारण उरत नाही.

मात्र या उत्तरातून एक नवी अडचण निघते आणि ती मला पहिलीपेक्षा अवघड वाटते. वाहन गौण असेल तर यंत्राने केलेला जपही नामच मानावा लागेल. एखादे यंत्र रात्रंदिवस आर-ए-एम वाजवत राहिले, तर एका वर्षात टाकळीचे पुरश्चरण होऊन जाईल काय? नाही. वाहन गौण आहे याचा अर्थ वाहन पुरेसे आहे असा नाही. मोर्सचा सगळा धडा हाच आहे की शब्द कळीत नसतो, तारेत नसतो. तो पाठवणाऱ्याच्या अभिप्रायात सुरू होतो आणि घेणाऱ्याच्या बोधात पुरा होतो. दोन्ही टोकांना कोणी नसेल तर मध्ये उरते ती टकटक. नव्य नैयायिकांनी पोपटाच्या वाक्याची चर्चा केली आहे ती याच कारणाने: पोपट बोलतो, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, मग तात्पर्य कोणाचे? काही ठिकाणी त्यांनी शिकवणाऱ्याचे म्हटले, काही ठिकाणी ईश्वराचे. पोपटाचे मात्र कोणी म्हटले नाही. यंत्राचा जप ऐकून एखाद्याला राम आठवला तर ते नाम त्या ऐकणाऱ्याचे. यंत्राच्या खात्यावर काहीच जमा होत नाही, आणि यंत्र लावून निघून गेलेल्याच्या खात्यावरही नाही.

यावर भक्तिमार्गातून अजामिळाची कथा पुढे येईल. भागवताच्या सहाव्या स्कंधातला हा पतित मरताना धाकट्या मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारतो आणि तेवढ्याने सुटतो. त्याचा अभिप्राय देवाचा नव्हता, तरी नाम लागू पडले. मग अभिप्रायाची अट कशाला? कथेकडे नीट पाहिले तर अट मोडलेली दिसत नाही. अजामिळाची हाक पोकळ नव्हती. मृत्यूच्या भयाने गोठलेल्या माणसाने, ज्याच्यावर सर्वांत जास्त जीव होता त्याला, जीव एकवटून मारलेली ती हाक होती. पाठवणारा होता, आणि घेणारा कोण हे घेणाऱ्याने ठरवले. ती कथा देवाच्या उदारपणाची आहे. ध्वनी आपोआप काम करतो असे सिद्ध करायला ती वापरणे म्हणजे तिच्यातला मुलगाही काढून टाकणे आणि बापही.

हा सगळा विचार केवळ बुद्धीच्या करमणुकीचा नाही. पावित्र्य ध्वनीत आहे असे एकदा ठरवले की ध्वनीच्या दारावर पहारा बसवता येतो. कोणाच्या तोंडातून तो निघावा, कोणाच्या कानात तो जावा, हे ठरवणारे लोक निर्माण होतात. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे-लाख ओतावी असे गौतम धर्मसूत्र सांगते. पूर्वमीमांसेने बरे न होणारे अंगवैकल्य असलेल्या माणसाला यज्ञाच्या अधिकारातून वगळले. कोल्हापुरात 1899 मध्ये शाहू महाराजांच्या स्नानाला वेदोक्त मंत्र म्हणायचे नाकारले गेले आणि पुराणोक्त म्हटले गेले. एका राजाला त्याच्याच राज्यात ध्वनीच्या दाराबाहेर उभे केले. देवळालीपासून दूर नसलेल्या पंचवटीत 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि कित्येक वर्षे चालला; तेथे पहारा ध्वनीवर नसून दर्शनावर होता, पण मूळ चूक तीच होती, पावित्र्य वस्तूत आहे आणि वस्तूला कुलूप लावता येते ही. त्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, यात नवल नाही. नाम जाणिवेत पुरे होते असे मानणाऱ्याला असा पहारा बसवताच येत नाही. जाणिवेला दार नसते. संतांनी नामावर एवढा भर दिला तो नाम सोपे आहे म्हणून, असे आपण नेहमी ऐकतो. मला वाटते त्याहून मोठे कारण हे की नाम अडवता येत नाही.

आणि ते खरोखर अडवता येत नाही, याची परीक्षा विसाव्या शतकात तुरुंगांनी घेतली. देवळालीला लागून असलेल्या भगूरचे सावरकर अंदमानात कोठडीच्या भिंतीवर काव्य कोरीत आणि पाठ करीत. भिंत पुसली तरी काव्य राहिले. व्हिएतनाम युद्धात हनोईच्या तुरुंगातल्या अमेरिकन कैद्यांना एकमेकांशी बोलायला बंदी होती. भिंतीवर ठोकून लांब आणि आखूड असा फरक करता येत नाही, त्यामुळे मोर्स तेथे चालत नव्हता. त्यांनी पाच ओळी आणि पाच रकान्यांचा अक्षरांचा तक्ता डोक्यात ठेवला, आधी ओळ ठोकायची मग रकाना, आणि त्यात रोज रात्री एकमेकांना निरोप दिला जाई: देव तुझे भले करो, या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची फक्त आद्याक्षरे. त्यांच्यातल्याच जेरेमाया डेंटन या वैमानिकाला 1966 मध्ये कॅमेऱ्यासमोर बसवले, तेव्हा त्याने पापण्यांच्या उघडझापीतून मोर्समध्ये आपला छळ होत असल्याचे कळवले. जीभ शत्रूच्या ताब्यात होती, पापणी नव्हती. भिंतीपलीकडून आलेली ती तीन अक्षरांची ठोक आशीर्वाद नव्हती असे म्हणायला मी तयार नाही. माणसाने माणसाला दिलेल्या आशीर्वादांत ती फार वरची आहे.

तेव्हा देवळालीच्या सिग्नलवाल्याबद्दलचे माझे उत्तर असे: सरावासाठी, काही मनात न आणता, त्याने आर-ए-एम वाजवले असेल तर तो सराव आहे. राम मनात धरून वाजवले असेल तर ते नाम आहे, पुरे नाम, आणि पलीकडे कोणी ऐकले नाही तरी मानस जपाइतके तरी आहेच. हे उत्तर मान्य असेल तर त्याचा व्यवहारातला अर्थही मान्य करावा. आपल्याकडे माणूस जायला टेकला की घरचे त्याच्या कानाशी बसून ‘राम म्हणा’ म्हणतात. पक्षाघाताने वाचा गेलेल्याला ते म्हणता येत नाही, आणि अनेकदा ही गोष्ट त्याच्यापेक्षा घरच्यांना जास्त लागते. शेवटच्या क्षणी नाम आले नाही, हा सल वर्षानुवर्षे राहतो. त्यांना कीर्तनकारांनी, पुरोहितांनी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वच्छ सांगावे की बोटाने अंथरुणावर टकटक केली असेल, पापणी मिटली असेल, हात नुसता दाबला असेल, तरी नाम आले. जन्मतः मूकबधिर असलेली मुले सांकेतिक भाषेत रामाची, विठ्ठलाची, येशूची, अल्लाची खूण करतात. ती खूण देवळात, दिंडीत, प्रार्थनेत उच्चारलेल्या नामाच्या बरोबरीची धरावी, आणि त्यांना मागे उभे करू नये.